गोमुखाला जाताय? आधी उंचीचा हिशेब मांडा

मागच्या पंधरवड्यात संध्याकाळची गर्दी ओसरल्यावर आमचे गुरुजी दवाखान्यात आले. सातवीत मला गणित त्यांनीच शिकवले. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, पण रक्तदाबाची एक गोळी सोडली तर प्रकृती ठणठणीत. त्यांनी टेबलावर चौकटीच्या वहीचे एक पान ठेवले आणि म्हणाले, "अरे डॉक्टर, आम्ही चौघे सप्टेंबरात गोमुखाला निघालोय. गंगोत्रीपासून पुढे पायी. एवढा कार्यक्रम बघ आणि मला प्रकृतीचे सर्टिफिकेट लिहून दे. घरात दाखवायला लागेल."

कार्यक्रम गुरुजींच्या अक्षरासारखाच नीटनेटका होता. रेल्वेच्या वेळा, बसची अंतरे, मुक्कामाची ठिकाणे, खर्चाची बेरीज, इतकेच काय, किती किलो चिवडा आणि किती लाडू तेही लिहिलेले. हरिद्वारहून पहिल्या दिवशी उत्तरकाशी, दुसऱ्या दिवशी गंगोत्री, तिसऱ्या दिवशी चालत भोजबासा, चौथ्या दिवशी गोमुख पाहून परत गंगोत्री. पाचव्या दिवशी खाली आणि सहाव्या दिवशी रात्री परतीची गाडी. एकही दिवस वाया जाऊ दिलेला नव्हता.

ते पान वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. कारण नेमका हाच कार्यक्रम २००८ साली मी स्वतः आखला होता.

"गुरुजी, हिशेबात एक रकाना राहिलाय," मी म्हणालो.

"कोणता रे?"

"उंचीचा."

वाचकहो, आजचा लेख त्या राहिलेल्या रकान्याविषयी आहे. आपल्या भागातून दरवर्षी कितीतरी मंडळी गंगोत्रीला जातात आणि त्यांतली काही भागीरथीच्या खोऱ्यातून पुढे गोमुखापर्यंत चालत जातात. वाट सुंदर आहे, फार अवघडही नाही. पण ती आखताना बहुतेक जण किलोमीटर मोजतात, आणि चूक तिथेच होते.

माझी चूक

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही गावातले सात जण निघालो होतो. बरोबर डॉक्टर म्हणून कार्यक्रम आखण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. परतीचे रिझर्व्हेशन आधी मिळाले आणि त्याच्या मागे बाकीचे दिवस बसवले. एक दिवस जास्त होता, तो मीच कापला. "गंगोत्रीत दोन दिवस बसून काय करायचे?" हे वाक्य माझेच.

आमच्यात बँकेत नोकरी करणारे एक मित्र होते. वय बेचाळीस, रोज पहाटे पाच किलोमीटर धावणारे. सगळ्यांत दमदार गडी तेच. गंगोत्रीला पोहोचलो त्या संध्याकाळी त्यांचे डोके दुखू लागले. त्यांनी कुणाला सांगितले नाही, गुपचूप डोकेदुखीची गोळी घेतली आणि झोपले. खरे सांगायचे तर त्या रात्री माझेही डोके ठणकत होते. बसच्या वळणांमुळे असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. एखाद्या रोग्याने असे सांगितले असते तर मी त्याला चार प्रश्न विचारले असते. स्वतःला एकही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौदा किलोमीटर चालून भोजबासाला पोहोचलो. मित्र सगळ्यांच्या मागे पडत होते, हे सर्वांनी पाहिले आणि त्यावरून त्यांची थट्टाही केली. संध्याकाळी त्यांना दोनदा उलटी झाली. जेवण नको म्हणाले. मी नाडी पाहिली, जलसंजीवनी दिली आणि "सकाळपर्यंत बरे वाटेल" असे सांगितले. सकाळी ते बूट घालायला बसले आणि नाडी बांधता येईना. दोन्ही टोके हातात धरून नुसते पाहत राहिले. मी त्यांना उभे केले आणि सरळ रेषेत चालायला सांगितले, तेव्हा चौथ्या पावलाला ते बाजूला कलंडले.

तेव्हा माझे डोळे उघडले. ही मेंदूला सूज येण्याची सुरुवात होती. सुदैवाने माझ्या पेटीत डेक्सामेथासोनचे इंजेक्शन होते, ते दिले. पण यावर खरा उपाय एकच, खाली उतरणे. दोन भारवाहकांनी आळीपाळीने पाठीवर घेऊन त्यांना उतरवायला सुरुवात केली. चीडबासाला टेकलो तेव्हा मित्रांनी आपणहून चहा मागितला. तो शब्द ऐकून मला किती बरे वाटले हे सांगता येणार नाही. दुपारी गंगोत्री, तिथून जीपने त्याच संध्याकाळी हर्षिल आणि दुसऱ्या दिवशी उत्तरकाशीच्या रुग्णालयात. ते पूर्ण बरे झाले. आजही रोज धावतात.

एक दिवस वाचवण्यासाठी मी कार्यक्रम आवळला होता. त्यापायी चार दिवस गेले, रिझर्व्हेशन बुडाले आणि गोमुख कुणालाच दिसले नाही. पण याहून जास्त लक्षात राहिले ते घरी आल्यावर वहिनींनी काढलेले वाक्य. त्या म्हणाल्या, "तुम्ही बरोबर होतात म्हणून मी निर्धास्त होते, भाऊजी." त्यात तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. म्हणूनच ते अजून टोचते.

उंचावर नेमके होते काय?

पुष्कळांना वाटते की उंचावर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी होते. तसे नाही. गावात असो की गोमुखाला, हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी म्हणजे हवा विरळ, आणि एका श्वासात छातीत जाणारा प्राणवायू कमी. समुद्रसपाटीला एका श्वासात जेवढा मिळतो त्याच्या सुमारे ७० टक्के गंगोत्रीला आणि सुमारे ६३ टक्के भोजबासाला मिळतो. साडेपाच हजार मीटरवर तो जवळजवळ निम्म्यावर येतो.

शरीर याच्याशी जुळवून घेते. श्वास जलद आणि खोल होतो, नाडी वाढते, लघवी जास्त होते, पुढे रक्तातील तांबड्या पेशीही वाढतात. पण या सर्व गोष्टींना दिवस लागतात. आपण बसने काही तासांत दोन हजार मीटर चढून जातो. शरीर मात्र आपल्याच चालीने मागून येते. त्याला गाठायला वेळ दिला नाही तर डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही, अंगातले त्राण जाते. यालाच उंचीचा आजार म्हणतात. साधारणतः अडीच हजार मीटरच्या वर तो कुणालाही होऊ शकतो.

'कुणालाही' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. तरुण आहे, व्यायाम करतो, निर्व्यसनी आहे, यातल्या कशानेही या आजारापासून संरक्षण मिळत नाही. उलट दमदार माणूस भरभर चढतो आणि लवकर सापडतो. १९६२ च्या सुमारास आपल्या हजारो सैनिकांना मैदानातून थेट हिमालयात उंचावर न्यावे लागले होते. त्या काळातील १,९२५ आजारी सैनिकांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या विषयावरील जगातल्या महत्त्वाच्या अभ्यासांत त्याची गणना होते. ते सगळे कसलेले जवान होते, हे ध्यानात घ्यावे.

झोपण्याच्या उंचीचा नियम

आता मुख्य मुद्दा. दिवसा आपण किती उंच जातो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपतो याला जास्त महत्त्व आहे. नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी.

माझा जुना कार्यक्रम या नियमाला लावून पाहा. उत्तरकाशी सुमारे १,१५० मीटर. दुसरी रात्र गंगोत्री, सुमारे ३,१०० मीटर. तिसरी रात्र भोजबासा, सुमारे ३,८०० मीटर. म्हणजे दोन दिवसांत झोपण्याची उंची २,६५० मीटरने वाढली. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. आम्ही दोन दिवसांत दीड कळसूबाईहून जास्त चढलो, तेही बहुतेक बसमध्ये बसून.

मग कार्यक्रम कसा असावा? गुरुजींना मी लिहून दिला तो असा :

पहिला दिवस : हरिद्वार किंवा ऋषिकेशहून उत्तरकाशी. झोप १,१५० मीटरवर.

दुसरा दिवस : उत्तरकाशीहून हर्षिल. झोप सुमारे २,६०० मीटरवर. गंगोत्री येथून फक्त पंचवीस किलोमीटर राहते, त्यामुळे "आता एवढ्यासाठी कशाला थांबायचे" असे सगळे म्हणतील. ऐकू नये.

तिसरा दिवस : हर्षिललाच. जवळच मुखबा गाव आहे. हिवाळ्यात गंगोत्रीचे मंदिर बंद झाले की गंगामातेची मूर्ती इथे आणतात. सावकाश चालत जाऊन यावे.

चौथा दिवस : गंगोत्री. झोप ३,१०० मीटरवर.

पाचवा दिवस : गंगोत्रीलाच. सकाळी गोमुखाच्या वाटेने वनखात्याच्या चौकीपर्यंत दोनेक किलोमीटर चढून परत यावे. उंच जावे आणि खाली येऊन झोपावे, याने शरीर लवकर सरावते.

सहावा दिवस : चीडबासावरून भोजबासा, १४ किलोमीटर. सहा-सात तास धरावेत. झोप ३,८०० मीटरवर. ही उडी ७०० मीटरची आहे, म्हणजे नियमापेक्षा मोठी. मधे मुक्कामाची सोय धरता येत नाही, म्हणूनच आदल्या दिवशीची गंगोत्रीतली जास्तीची रात्र टाळू नये.

सातवा दिवस : पहाटे निघून गोमुख, जाऊन-येऊन आठ किलोमीटर. परत भोजबासा. कुणाला जरासेही बरे वाटत नसेल तर त्याने गोमुखाला न जाता सोबत घेऊन सरळ खाली उतरावे.

आठवा दिवस : गंगोत्री.

नववा दिवस : मोकळा. या दिवसापुढे काहीही लिहायचे नाही. पाऊस, दरड, बंद रस्ता किंवा कुणाचे आजारपण यांसाठी तो राखून ठेवायचा. परतीचे रिझर्व्हेशन या दिवसाच्या नंतरचे असावे.

गोमुखाच्या वाटेवर वनखात्याचा परवाना लागतो आणि एका दिवशी १५० जणांनाच सोडतात. चारधाम यात्रेची नोंदणीही आवश्यक आहे. परवाना काढताना आपले मुक्कामाचे दिवस सांगून, तो किती दिवस चालतो हे विचारून घ्यावे. गोमुखाच्या पुढे हिमनदी ओलांडून तपोवनाला जाण्याचा मोह काहींना होतो. ती वाट आणखी उंच, दगड-बर्फाची आणि अनुभवी वाटाड्याशिवाय न जाण्याची आहे. पहिल्या खेपेला ती कार्यक्रमात धरूच नये.

केव्हा जावे?

मे-जून किंवा पावसाळा संपल्यावर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जुलै-ऑगस्ट टाळावेत. या खोऱ्यात पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि ओढे एकाएकी फुगतात. ५ ऑगस्ट २०२५ रोजी हर्षिलजवळच्या धरालीवर ओढ्यातून आलेला चिखल-दगडांचा लोंढा आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिला आहे. काही क्षणांत तिथली घरे आणि हॉटेले गाडली गेली.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावे?

हृदयविकार, छातीत दुखणे, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, फिट्स, झोपेत श्वास अडकणे, रक्तक्षय यांपैकी काही असेल तर तपासणीशिवाय निघू नये. गरोदर स्त्रियांनी ही वाट टाळावी.

रक्तदाब असणाऱ्यांनी गोळी एक दिवसही चुकवू नये. पहिल्या काही दिवसांत उंचावर दाब थोडा वाढतो. आटोक्यात असलेला रक्तदाब ही अडचण नाही, बेफिकिरी ही अडचण आहे.

मधुमेह्यांनी रोजच्या वेळेला खावे. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून ते सॅकमध्ये न ठेवता अंगाजवळ कपड्यांच्या आत ठेवावे. साखर मोजायचे यंत्रही थंडीत चुकते किंवा चालतच नाही, तेही उबेत ठेवावे.

एक गोष्ट आपल्या राज्यासाठी खास सांगायची. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट या भागांत सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. सिकलसेलचा आजार असणाऱ्यांनी इतक्या उंचीवर जाऊ नये, विरळ हवेत रक्तपेशी अडकून जीवघेण्या वेदना उठतात. ज्यांच्यात हा गुण फक्त वाहक म्हणून आहे ते एरवी निरोगी असतात, पण क्वचित त्यांच्याही पांथरीला उंचावर इजा होते. डाव्या कुशीत जोराचे दुखू लागले तर थांबू नये, उतरावे. घराण्यात कुणाला हा आजार असेल तर निघण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

तीन महिने आधी

व्यायामाने उंचीचा आजार टळत नाही, मग तो करायचा कशाला? गुडघे, मांड्या आणि दम यांसाठी. दमलेला माणूस पाय चुकतो. पहिला महिना रोज चार-पाच किलोमीटर झपझप चालावे. दुसऱ्या महिन्यात जिने किंवा गावाजवळची टेकडी, आठवड्यातून चार दिवस. तिसऱ्या महिन्यात पाठीवर चार-पाच किलो ओझे घेऊन तीच टेकडी, आणि शक्य झाले तर एखादा गड. उतरण्याचा सराव विसरू नये, कारण गुडघे दुखतात ते उतारावर. बूट नवे घेतले असतील तर ते याच काळात वापरून मऊ करावेत. नव्या बुटांनी आलेला फोड पहिल्याच दिवशी माणसाला लंगडा करतो.

वाटेवर

कपडे जाड एक घेण्यापेक्षा पातळ तीन घ्यावेत. आत घाम टिपणारा, मधे लोकरीचा, वर वारा-पाऊस अडवणारा. कानटोपी, हातमोजे आणि कोरडे पायमोजे यांत काटकसर करू नये. भोजबासाला मे महिन्यातही रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. उन्हासाठी काळा चष्मा आणि टोपी हवी, विरळ हवेत ऊन गारव्यातही त्वचा जाळते.

पाणी दिवसाला तीन लिटरच्या आसपास प्यावे. लघवी पिवळीधमक होऊ लागली तर कमी पडते आहे असे समजावे. पाणी उकळून घ्यावे. या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या सुमारासच उकळते, त्यामुळे नुसती वाफ दिसून भागत नाही, उकळी तीन मिनिटे राहू द्यावी. याच कारणाने वरणभात साध्या भांड्यात शिजत नाही. कच्चे किंवा अर्धेकच्चे खाऊन पोट बिघडले तर चालणे संपलेच. भूक मंदावते, तरी दर दोन तासांनी थोडे खावे. चिवडा, लाडू, शेंगदाणे, गूळ, खजूर हे उत्तम. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही वर्ज्य. त्यांनी झोपेतला श्वास मंदावतो.

चीडबासाच्या पुढे एका टप्प्यात वरून दगड निसटतात. तिथे फोटोसाठी थांबू नये, बोलत रेंगाळू नये. ओढे सकाळी ओलांडावेत. दुपारी ऊन तापून बर्फ वितळले की त्यांचे पाणी वाढते. गोमुखाला बर्फाच्या कडेपासून लांब उभे राहावे. तिथून बर्फाच्या मोठमोठ्या शिळा न सांगता सुटतात. तीर्थ घ्यायचे तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला घ्यावे.

लक्षणे आणि तीन नियम

उंचावर डोके दुखते आहे आणि त्याबरोबर मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखे वाटते आहे, तर दुसरे कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच आजार मानावा. मग हे तीन नियम :

१. लक्षण लपवू नये. रोज संध्याकाळी प्रत्येकाने प्रत्येकाला विचारावे : डोके कसे आहे? जेवलास का? झोप लागली का?

२. लक्षण असताना आणखी वर चढून झोपू नये. आहे तिथेच थांबावे. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरे वाटते.

३. लक्षण वाढत असेल तर उतरावे. रात्र असो, पाऊस असो, पैसे गेलेले असोत. तीनशे ते हजार मीटर उतरल्यावर बहुधा फरक पडतो. आजाऱ्याला कधीही एकटे पाठवू नये.

दोन धोक्याच्या घंटा तोंडपाठ कराव्यात. पहिली, बसल्या जागीही धाप लागणे, सतत खोकला, ओठ-नखे निळसर होणे, पुढे फेसाळ किंवा गुलाबी थुंकी. हे फुप्फुसात पाणी होण्याचे चिन्ह. दुसरी, बोलण्यात गोंधळ, विलक्षण सुस्ती आणि तोल जाणे. यासाठी सोपी परीक्षा आहे. जमिनीवर सरळ रेघ ओढून, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत दहा पावले चालायला सांगावे. जमले नाही तर मेंदूला सूज धरावी आणि त्याच क्षणी उतरायला लागावे. भोजबासापासून मोटाररस्ता चौदा किलोमीटर चालत आहे आणि गंगोत्रीपासून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे शंभर किलोमीटर घाटाने. "सकाळी बघू" म्हणायला तिथे जागा नाही. मी ते म्हटले होते.

औषधांविषयी

असेटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स या नावाने मिळणारी गोळी, शरीराला सरावण्यास मदत करते. सर्वसाधारणपणे १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, त्याला घाबरू नये. पण सल्फाच्या औषधांची ज्यांना अ‍ॅलर्जी आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी, आणि खरे तर सर्वांनीच, आपल्या डॉक्टरांना विचारून ती घ्यावी. ही गोळी मोकळ्या दिवसाच्या बदली नाही. "गोळी घेतली, आता एक दिवस कापू" हा हिशेब चुकीचा आहे. डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही संकटातली औषधे, जाणकाराच्या सल्ल्यानेच बरोबर घ्यावीत, आणि ती दिली तरी उतरायचे असतेच. याशिवाय पॅरासिटामोल, जलसंजीवनी, जखमेची पट्टी, फोडासाठी चिकटपट्टी आणि आपली रोजची औषधे दुप्पट दिवसांची, दोन वेगळ्या पिशव्यांत.

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले. पान उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवे रकाने आखले : वार, ठिकाण, अंतर, झोपण्याची उंची. नऊ ओळी झाल्या. नवव्या ओळीपाशी पेन थांबले.

"इथे काहीच लिहायचे नाही म्हणतोस?"

"काहीच नाही, गुरुजी."

"आणि सगळे सुरळीत झाले, तर त्या दिवशी करायचे काय?"

"गंगेच्या काठी बसायचे. त्यासाठीच तर चाललाय तुम्ही."

गुरुजी हसले. त्यांनी त्या ओळीत एक ठळक शून्य काढले आणि म्हणाले, "वर्गात तुला सांगत होतो ना, शून्याला किंमत असते."

रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासायला पाठवले. सर्व अहवाल चांगले आल्यावरच मी सर्टिफिकेट लिहिले. त्याच्या मागे तो नऊ ओळींचा कागद टाचणीने जोडून दिला आणि घरी दोन्ही एकदमच दाखवायला सांगितले.